पान कमी, हजार तेवढेच

विडीचा सगळा हिशेब हजारावर चालतो. ठेकेदार पान आणि तंबाखू तोलून देतो. बाई ते घरी नेते, पान भिजवते, पत्र्याच्या मापानं कातरते, चिमूटभर तंबाखू पसरून वळते, तोंड मुडपते, दोरा गुंडाळते, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधते आणि हजार विड्या नेऊन देते. मजुरी हजारावर. या सरळ दिसणाऱ्या व्यवहाराला दोन भोकं आहेत, आणि निपाणीपासून सोलापूर-सिन्नरपर्यंत विड्या वळणाऱ्या कुठल्याही बाईला ती पाठ असतात. एक म्हणजे पान कमी किंवा फाटकं येतं. त्यात हजार बसत नाहीत, मग उरलेलं पान पदरच्या पैशानं आणायचं. दुसरं भोक छाटीचं. वाकडी, सैल, बारीक असं म्हणत ठेकेदार मूठ-दोन मुठी विड्या बाजूला सारतो, आणि त्यांची मजुरी बुडते. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला तेव्हा कच्चा माल किती दिला, विड्या किती नाकारल्या आणि नाकारलेल्यांचे पैसे द्यायचे की नाही, एवढ्याच तंट्यांसाठी त्यात एक स्वतंत्र तरतूद घालावी लागली. म्हणजे भोकं किती मोठी होती ते दिल्लीलाही दिसत होतं.

हा हिशेब फार जुना आहे. बायबलच्या निर्गम पुस्तकात तो विटांचा आहे. मोशे फारोच्या दरबारात जातो आणि म्हणतो, माझ्या लोकांना जाऊ दे. फारो त्यांना सोडत तर नाहीच, उलट हुकूम काढतो की यांना आता विटांसाठी लागणारं पेंढ्याचं भूस द्यायचं नाही, ते त्यांनी स्वतः गोळा करावं, आणि विटांची संख्या मात्र तेवढीच भरली पाहिजे. संख्या भरत नाही म्हणून मुकादमांना मार बसतो. ते मोशेला गाठून शिव्याशाप देतात. यानंतर मोशे परत त्यांच्याकडे येतो, देवाचं नवं आणि मोठं वचन घेऊन, आणि ते त्याचं ऐकत नाहीत. का, तर मन खचलेलं आणि राबणूक कठीण.

प्रवचनांत या प्रसंगाचा उत्तरार्ध येतो: लोक खचले होते, त्यांची श्रद्धा थोडी पडली. पूर्वार्ध बहुधा गळतो. तो असा की मोशेच्या पहिल्या निरोपाची किंमत त्यांनी नुकतीच भरली होती. आशा सांगणारा दरबारातून धडधाकट परतला आणि पाठ मुकादमांची सोलली गेली. असं एकदा घडल्यावर दुसरा निरोप कानावर येताना माणूस त्याची गोडी पाहत नाही, तो आधी विचारतो, या खेपेला भूस कोण आणणार?

दुःखात असलेल्या माणसांना आशेचं बोलणं ऐकू का येत नाही, हा प्रश्न नेहमी ऐकणाऱ्याच्या मनाची तपासणी करून सोडवला जातो. मला तो सांगणाऱ्याच्या खातेवहीतून सोडवावासा वाटतो. त्यासाठी चिकोडी तालुका बरा आहे, निपाणी त्यात होती तेव्हाचा. इथं दोनशे वर्षं निरोप येताहेत आणि प्रत्येकाची नोंद कुठं ना कुठं सापडते.

सुरुवात पेशवाई बुडाली तिथून करता येईल. पेशव्याविरुद्ध मदत केली म्हणून इंग्रजांनी चिकोडी आणि मनोळी हे दोन तालुके कोल्हापूरकरांना दिले. दहा-बारा वर्षांत कोल्हापूरकरांचं वागणं पसंत पडेना म्हणून परत घेतले. रयतेला दोन्ही वेळा कळवण्यात आलं, विचारण्यात आलं नाही. यापुढचे बरेच निरोप याच पद्धतीनं आले, म्हणून ही नोंद एवढीच.

खरा रस आहे तो त्यानंतर शंभर वर्षांनी आलेल्या एका वेगळ्या निरोपात. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते, आणि दुसऱ्या दिवशी शाहू महाराज आले. तुम्हाला तुमच्यातलाच पुढारी मिळाला आहे, असं महाराजांनी जमलेल्यांना सांगितलं. पुढं एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाख्याची बहिष्कृत परिषद निपाणीलाच भरली. पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर राहिलेल्या लोकांनी हा निरोप ऐकला, नुसता ऐकला नाही, उचलून धरला. खचलेली माणसं आशा ऐकूच शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा समोर ठेवाव्यात.

का ऐकला? माझं उत्तर गंगाराम कांबळ्यांच्या चहात आहे. ही गोष्ट कोल्हापूर भागात सगळ्यांना माहीत आहे. महाराजांच्या पदरी नोकरीत असलेल्या गंगारामला पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्याला भांडवल देऊन चहाचं हॉटेल काढून दिलं. पण अस्पृश्याच्या हॉटेलात येणार कोण? तर महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायले, पुन्हापुन्हा प्यायले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावला. विटाळाची किंमत गंगारामनं भरायची नव्हती, ती राजानं स्वतःच्या खात्यावर घेतली. १९०२ च्या हुकुमानं नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी राखून ठेवलेल्या निम्म्या जागा तर त्याआधीच भरायला लागल्या होत्या. माणगावला बोलायला उभा राहिला तेव्हा हा माणूस आधी देऊन मग बोलत होता. आणि शेजारी बसलेल्या बॅरिस्टर होऊ घातलेल्या तरुणानं तर तोच विटाळ बडोद्याच्या नोकरीत अंगावर झेलला होता. यल्लम्माकडं जाणाऱ्या बायांनाही नेमकं हेच कळतं. सौंदत्तीची देवी रांडाव पुनवेला स्वतः विधवा होते, तिच्या बांगड्या फुटतात, आणि अहेव पुनवेला तिला पुन्हा हिरवा चुडा मिळतो. जी स्वतः त्या खड्ड्यात उतरते तिनं वर येण्याबद्दल काही सांगितलं तर ते पटतं. याच देवीच्या नावानं मुली सोडण्याची रीत चालली आणि ती थांबवायला कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला, ही या भक्तीची काळी बाजू. ती झाकायची नाही. पण भक्तीचं बळ कुठून येतं ते त्यानं खोटं ठरत नाही.

आता तंबाखू. गुजरातेतलं चरोतर आणि आपली निपाणी, विडीच्या तंबाखूची देशातली ही दोन मोठी ठिकाणं. निपाणीचा व्यापार म्हणजे माल आधी, भाव नंतर, पैसे त्याहून नंतर. शेतकऱ्यानं तंबाखू वखारीत आणून टाकायची, व्यापाऱ्यानं प्रत ठरवायची, घट-तूट कापायची, आणि रक्कम जमेल तशी द्यायची. वर १९४३ पासून कच्च्या तंबाखूवर केंद्राचं उत्पादन शुल्क. पीक शेतात उभं असल्यापासून अबकारीवाल्यांची नोंद सुरू. हे शुल्क गेलं की शेतकऱ्याचं भलं होईल असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. १९७९ च्या अंदाजपत्रकात चरणसिंगांनी ते खरोखर उठवलं. शेतकऱ्याचा अर्थमंत्री, शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा, सगळं जुळून आलं होतं. आणि दोन वर्षांत हेच शेतकरी भावासाठी रस्त्यावर बसले. वरून सोडलेली सवलत मधल्या माणसाच्या ओंजळीत अडकते, हे त्यांना अर्थशास्त्राचं पुस्तक न उघडता कळलं. पुढच्या वेळी कुणी करमाफीची बातमी आणली तर त्यांनी ती निर्विकारपणे ऐकली असती, आणि आणणाऱ्यानं त्यांना उदासीन म्हटलं असतं.

त्या वखारींच्या आत बाया होत्या. तंबाखू कुटायची, चाळायची, धुरळा नाकातोंडात. पदर नाकावर बांधून दिवस काढायचा आणि रात्री खोकत बसायचं. अनिल अवचटांनी या बायांवर लिहिलं, आणि मराठी मध्यमवर्गाला निपाणीच्या जर्द्याचा वास पहिल्यांदा आला तो बहुधा त्यांच्या लिहिण्यातून. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीला निपाणीतले एक प्राध्यापक, सुभाष जोशी, या बायांची संघटना बांधायला लागले. तिचं नाव चिकोडी तालुका कामगार महासंघ. छाया दातारांनी पुढं या संघटनेचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९८९ मध्ये त्याचं इंग्रजी पुस्तक आलं.

बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला अशा वखारीसमोर काय दिसतं? कामावरून सुटलेल्या बाया, घराची घाई, खाली नजर. संघटनेबद्दल बोललं की ‘बघूया की’. याला मानसशास्त्रात आता नावं आहेत आणि ती फेकायला सोपी आहेत, म्हणून थोडं थांबून पाहू.

१९३३ साली ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल नावाच्या गिरणगावाचा अभ्यास छापून आला. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे अभ्यासक. गावातली गिरणी बंद पडून जवळजवळ सगळं गाव बेकार झालेलं. त्यांना सापडलं ते चमत्कारिक होतं. लोकांकडं वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही काढून टाकली होती, तरी दोन वर्षांत पुस्तकांची उचल निम्म्यावर आली. माणसं रस्त्यानं हळू चालायला लागली, मधेच थांबायला लागली. इथं मोशेच्या लोकांसारखी राबणूक नव्हती. राबणूकच गेली होती, आणि तरीही कान बंद झाले.

तीस-पस्तीस वर्षांनी, १९६७ च्या सुमाराला, अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्यांना विजेचे झटके थांबवता येत नव्हते ती कुत्री पुढं सुटायची वाट उघडी असतानाही पडून राहिली. यावरून शिकलेली असहायता ही कल्पना जगभर गेली, आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांच्या वर्गांतही पोचली. पण २०१६ साली याच दोघांनी स्वतःचा निष्कर्ष उलटा केला, तो मात्र फारसा पोचला नाही. मेंदूवरच्या पुढच्या संशोधनानंतर त्यांनी लिहिलं की असहायता शिकावी लागत नाही, लांबलेल्या त्रासात ती आपोआपच येते. शिकावी लागते ती आपल्या हातात काही आहे ही गोष्ट. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. कारण मग बाईचं ‘बघूया की’ हा तिच्या स्वभावातला दोष उरत नाही. तिच्या हातून अजून काही एकदाही थांबलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक अभ्यास चिकोडीच्या उसात उभं राहून वाचावा असा आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धीची चाचणी तोडणीआधी आणि तोडणीनंतर घेतली गेली, २०१३ मध्ये तो लेख ‘सायन्स’मध्ये आला. तोच माणूस बिल हातात यायच्या आधी चाचणीत कमी पडत होता आणि बिल आल्यावर सुधारत होता. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्या चौदा दिवसांचे पुढं किती होतात ते इथल्या शेतकऱ्याला विचारा, आणि त्या काळात त्याच्यासमोर भविष्याचं चित्र रंगवायला कुठला वक्ता जातो तेही पाहा.

मग महासंघाचं बोलणं बायांच्या कानात शिरलं कसं? संघटनांचा सगळीकडचा अनुभव एक आहे आणि निपाणी त्याला अपवाद नसावी: समाजबदलाचं भाषण शिरत नाही, हजाराचा दर शिरतो. मजुरी, हजेरी, मुकादमाची वागणूक, भविष्य निर्वाह निधीचा कागद. विडी उद्योगाला हा निधी १९७७ मध्ये लागू झाला होता, म्हणजे मागायला काहीतरी हातात धरण्याजोगं होतं. छोटा, मोजता येणारा, महिन्याभरात खरा-खोटा ठरणारा निरोप. तो खरा निघाला की पुढच्याला थोडी जागा होते. कार्यकर्त्यांपैकी ज्यांना हे रटाळ वाटतं ते मोठ्या आशेची भाषणं करत फिरतात आणि लोक मुर्दाड आहेत अशी तक्रार घेऊन पुण्याला परततात.

१९८१ मध्ये याच वाटेनं शेतकरीही आले. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी आदल्या वर्षी चाकणला कांद्यासाठी आणि नाशकात कांदा-उसासाठी रस्ता अडवून दाखवला होता, त्यांच्या बोलण्यामागं आता एक भरलेली पावती होती. १४ मार्चला हजारो तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणीजवळ बसले. त्या मुक्कामाला आंदोलननगर नाव पडलं. तीन आठवड्यांहून जास्त काळ हा हमरस्ता अडलेला होता. सदा वाकून माल टाकणारा शेतकरी इतके दिवस रस्त्यावर बसला, हे व्यापाऱ्यांना आणि बंगळूरला, दोघांनाही नवं होतं. ६ एप्रिलला पोलिसांनी पुढाऱ्यांना धरलं, लोकांवर लाठ्या चालवल्या आणि मग गोळ्या. बारा शेतकरी मेले. मुख्यमंत्री गुंडुराव होते, आणि नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन अजून वर्षही पुरं झालं नव्हतं.

इथं माझ्या खातेवहीचं गणित अडखळतं, आणि ते लपवून उपयोग नाही. लोकांनी निरोप ऐकला, सांगणारा खरा होता, तुरुंगातही गेला, तरी सर्वांत मोठी रक्कम ऐकणाऱ्यांच्याच खात्यावर पडली. यावर आंदोलनं करूच नयेत असं म्हणणारे म्हणोत. मी एवढंच म्हणेन की ६ एप्रिलनंतर त्या बारा घरांतल्या कुणी पुढच्या कुठल्याही पुढाऱ्याला उंबऱ्यावरूनच पाणी देऊन वाटेला लावलं असेल, तर त्याला आशा ऐकता येत नाही असं कुणी म्हणू नये. त्यानं ती ऐकली होती, पुरती.

सीमाप्रश्नाची आशा वेगळ्या जातीची. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात जाण्याचा निरोप दर निवडणुकीला, दर काळ्या दिनाला येतो. त्यातला एक क्षण मला सर्वांत क्रूर वाटतो. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये अहवाल दिला. बेळगाव म्हैसूरकडंच राहावं असं म्हणताना त्यानं २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, आणि खानापूर, नंदगडबरोबर निपाणीचं नाव त्या यादीत होतं. म्हणजे निपाणीकरांना कागदावर हवं ते मिळालं होतं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, कारण बेळगाव गेलं होतं. तात्त्विक दृष्ट्या बरोबर असेल, अनेक निपाणीकरांनीही तेव्हा तेच म्हटलं असेल. पण ज्याचं दार उघडलं होतं त्याला शेजाऱ्याच्या दारासाठी थांबायला सांगणं सोपं नव्हतं, आणि ते थांबणं संपलेलं नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळानं पुन्हा एकमतानं ठराव केला. निपाणीत तो पेपरात वाचला गेला, दुकानं नेहमीच्या वेळेला उघडली.

या आशेनं मात्र लोकांचे कान पूर्ण बंद केले नाहीत. तीन पिढ्या ती ऐकताहेत, गाणी म्हणताहेत. मला त्याचं कारण असं दिसतं की ही आशा रोजच्या हजारातून कापली जात नाही. ती सणासारखी आहे, तिला वर्गणी लागते, मजुरी लागत नाही. जिथं लागली, म्हणजे नोकरीसाठी कन्नड लिहिता येण्याचा प्रश्न आला, तिथं मराठी आईबापांनी गुपचूप मुलांची शाळा बदलली आणि मोर्चालाही गेले. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं करण्यात मला ढोंग दिसत नाही.

चिकोडी गावाचा स्वतःचाही एक निरोप आहे. १९९७ मध्ये जे. एच. पटेल सरकारनं चिकोडी आणि गोकाक हे वेगळे जिल्हे जाहीर केले, आणि बेळगावात विरोध उठल्यावर मागं घेतले. शिक्षण खात्यापुरता चिकोडी जिल्हा आहे, लोकसभेचा मतदारसंघ आहे, जिल्हा नाही. दर दोन-तीन वर्षांनी कुणी मंत्री येऊन लवकरच होईल म्हणतो. इथं हसून टाळ्या वाजतात. टाळ्यांवरून निरोप पोचला असं समजणारे पुढारी मी सोडून द्यायला तयार आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेला पूर आला, यमगर्णीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. कर्नाटक सरकारनं दोन गोष्टी जाहीर केल्या: पूरग्रस्त कुटुंबाला तातडीचे दहा हजार, आणि पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख. दहा हजारांसाठी रांगा लागल्या, आधारकार्ड भिजलेलं असलं तरी लागल्या. पाच लाखांच्या बाबतीत लोकांनी आधी विचारलं की आमची भिंत ‘अ’ वर्गात बसते, ‘ब’ मध्ये की ‘क’ मध्ये, मोजायला इंजिनिअर कधी येणार, आणि तोवर पडकी भिंत तशीच ठेवायची का. रक्कम बांधकाम जसजसं वर येईल तसतशी टप्प्यानं मिळणार होती. कुणी खडी-सिमेंटचं उधार कुठं मिळेल ते बघायला लागलं, कुणी पत्रे मारून त्यातच राहायला लागलं.